सरासरी वेग आणि तात्कालिक वेग

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लेखरूपाने.)



विषयाचे नाव वाचून काही पालकांना वाटेल की हा तर शाळेच्या वर्गातला धडा, स्मरणिकेत तो कशाला? माझे म्हणणे असे की हा धडा जेवढा विद्यार्थ्यांचा आहे, तेवढाच मोटारसायकलची किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्या वडिलांचा आहे आणि मुलाच्या गुणपत्रकावर सही करणाऱ्या आईचाही आहे. सरासरी वेग कोणता आणि तात्कालिक वेग कोणता, हा भेद उत्तरपत्रिकेत चुकला तर दोन गुण जातात. रस्त्यावर चुकला तर माणूस जातो. म्हणून थोडा वेळ काढून हा भेद मुळापासून समजावून घेऊ. गणित लागेल ते गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एस. टी. घ्या. हातखंबा, पाली, साखरपा करीत ती आंबा घाटाच्या पायथ्याशी येते, घाट चढते, मलकापूरला थांबते आणि पुढे कोल्हापूर गाठते. हे अंतर १३० किलोमीटरच्या आसपास आहे. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ते १२८ धरू आणि गाडीला चार तास लागले असे समजू. १२८ भागिले ४ म्हणजे ३२. गाडी ताशी सरासरी ३२ किलोमीटर चालीने गेली. हिशेब बिनचूक आहे.

आता स्वतःलाच एक प्रश्न विचारा. ही गाडी ताशी ३२ किलोमीटर चालीने धावत होती ती नेमकी केव्हा? स्थानकात उभी होती तेव्हा चाल शून्य. घाटातल्या अवघड वळणावर कदाचित १५. मलकापूरच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर कदाचित ६०. वेग वाढताना आणि कमी होताना काटा ३२ वरून अनेकदा गेला असेल, पण तेथे थांबला असेल असे नाही. सरासरी काढताना आपण फक्त चार गोष्टी पाहिल्या: गाडी कोठून निघाली, कोठे पोचली, केव्हा निघाली आणि केव्हा पोचली. मधल्या चार तासांत काय घडले याची चौकशी आपण केलीच नाही. सरासरीचा हाच गुण आहे आणि हाच दोषही आहे. मुक्कामाला केव्हा पोचू, हे सांगण्यास ती उत्तम. या घटकेला गाडी कशी चालली आहे, हे सांगण्यास ती निरुपयोगी.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात 'चाल' आणि 'वेग' असे दोन वेगळे शब्द आहेत. चालीला दिशा नसते, वेगाला असते. रत्नागिरी ते कोल्हापूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे आणि दिशा पूर्वेची, किंचित आग्नेयेकडे झुकलेली. हे झाले विस्थापन. त्याला चार तासांनी भागले की सरासरी वेग येतो ताशी सुमारे २६ किलोमीटर, त्या दिशेने. म्हणजे एकाच प्रवासाची सरासरी चाल ३२ आणि सरासरी वेग २६. हीच गाडी त्याच दिवशी रत्नागिरीला परत आली तर पूर्ण फेरीचे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य! भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. मात्र डिझेलचा खर्च मांडणाऱ्या डेपोला ते सांगून उपयोग नाही.

दुसरी चूक याहून अधिक आढळते. जाताना ६० किलोमीटर अंतर ताशी ६० ने कापले, येताना तेच अंतर ताशी ३० ने. सरासरी चाल किती? बहुतेक मुले ६० आणि ३० ची बेरीज करून दोनाने भागतात आणि ४५ लिहितात. जाताना एक तास लागला, येताना दोन तास. एकूण १२० किलोमीटर, एकूण तीन तास. उत्तर ४०. गाडी मंद चालीने अधिक वेळ चालली, म्हणून मंद चालीचा वाटा मोठा. सरासरी चाल म्हणजे चालींची सरासरी नव्हे. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, एवढाच तिचा अर्थ.

आता जगाने पाहिलेले एक उदाहरण घेऊ. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट याने १०० मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकली. भागाकार केला तर सेकंदाला १०.४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेसदतीस किलोमीटर. त्या शर्यतीत दर २० मीटरला वेळेची नोंद घेतली गेली होती. पहिल्या २० मीटरला २.८९ सेकंद लागले, दुसऱ्या २० ला १.७५, तिसऱ्या २० ला १.६७, चौथ्या २० ला १.६१ आणि शेवटच्या २० ला १.६६. प्रत्येक तुकड्याची सरासरी काढा. पहिल्या तुकड्यात सेकंदाला जेमतेम ७ मीटर. चौथ्या तुकड्यात १२.४ मीटर, म्हणजे ताशी पावणेपंचेचाळीस किलोमीटरच्या जवळपास. शेवटच्या तुकड्यात वेग थोडा उतरलेला.

पाहा, वेळेचे तुकडे केल्याबरोबर एका आकड्याच्या जागी पाच आकडे आले आणि शर्यतीचे चित्र स्पष्ट झाले. उठाव, वाढ, शिखर आणि उतार हे सारे दिसू लागले. पण या पाचही आकड्यांत अजून सरासरीच आहे. फक्त लहान तुकड्यांची. एक-एक मीटरचे तुकडे केले तर चित्र आणखी स्पष्ट होईल. मग हे तुकडे कोठवर लहान करीत जायचे? या प्रश्नातूनच तात्कालिक वेगाची कल्पना निघाली आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊन हे पुढे नेऊ. १९.६ मीटर उंचीच्या माडावरून नारळ सुटला असे समजा. हवेचा अडथळा सोडून दिला तर खाली पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते आणि दोन सेकंदांत १९.६ मीटर. सेकंदांचा वर्ग करावा आणि ४.९ ने गुणावे, असा नियम आहे. वस्तू समान त्वरणाने पडते आणि पडलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून पडताळले आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

आता प्रश्न असा: सुटल्यापासून बरोबर एक सेकंद झाला, त्या क्षणी नारळाचा वेग किती?

पहिल्या आणि दुसऱ्या सेकंदाच्या मधली सरासरी काढली तर सेकंदाला १४.७ मीटर येते. तुकडा अर्ध्या सेकंदाचा केला तर १२.२५. दशांश सेकंदाचा केला तर १०.२९. शतांशाचा केला तर ९.८४९. सहस्रांशाचा केला तर ९.८०४९. आता उलट बाजूने, म्हणजे एक सेकंद पूर्ण होण्याच्या आधीचे तुकडे घेऊ. पूर्ण पहिल्या सेकंदाची सरासरी ४.९. त्यातल्या शेवटच्या दशांश सेकंदाची ९.३१. शेवटच्या शतांशाची ९.७५१. पुढून येणारे आकडे उतरत आहेत, मागून येणारे चढत आहेत आणि दोन्ही एकाच आकड्याकडे चालले आहेत: ९.८. हाच त्या क्षणाचा वेग. सरासरी काढण्याचा काळ लहान-लहान करीत नेला असता ती ज्या आकड्याजवळ हवी तेवढी जाते, त्या आकड्याला तात्कालिक वेग म्हणतात. गणितात त्या आकड्याला 'सीमा' असे नाव आहे.

हुशार विद्यार्थी येथे हटकून एक शंका काढतो, आणि त्याने ती काढलीच पाहिजे. क्षणाची लांबी शून्य. शून्य वेळात अंतरही शून्य. मग शून्य भागिले शून्य हा कसला वेग? ही शंका फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात झीनो नावाच्या ग्रीक विचारवंताने विचारले होते की उडणारा बाण कोणत्याही एका क्षणी एकाच जागी असतो, मग तो हलतो केव्हा? उत्तर असे की आपण शून्याने कोठेही भागलेले नाही. काळाच्या लहान तुकड्याला 'क' सेकंद म्हणा. एक सेकंदानंतरच्या या 'क' सेकंदांत नारळ ४.९ गुणिले (२क + क चा वर्ग) एवढे मीटर पडतो. 'क' ने भागले की सरासरी वेग येतो ९.८ + ४.९क. भागताना 'क' शून्य नव्हता, म्हणून भागाकार योग्य. भागाकार उरकल्यावर 'क' लहान करीत गेलो, तेव्हा दुसरे पद विरत गेले आणि ९.८ उरले. एकट्या क्षणात हालचाल शोधू गेल्यास ती सापडत नाही. क्षणाच्या अगदी लगतच्या काळातली हालचाल पाहावी लागते.

सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी स्वतंत्रपणे या पद्धतीचे एक संपूर्ण शास्त्र बनवले. ते आपण पुढे 'विकलन' या नावाने शिकतो. सीमा या कल्पनेला काटेकोर रूप मिळाले ते फ्रेंच गणिती कोशी याच्या १८२१ सालच्या ग्रंथापासून. पण या मंडळींच्या कितीतरी आधी हा प्रश्न आकाशाकडे पाहणाऱ्यांना पडला होता, आणि त्याचा धागा आपल्या अगदी जवळचा आहे.

मशिदीत नमाजाच्या वेळांचा जो तक्ता टांगलेला असतो, तो नीट पाहा. जवालची वेळ, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ, वर्षभर एकच नसते. मुंबईस नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य दुपारी १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास मध्यावर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास. अर्ध्या तासाचा हा फरक दोन कारणांनी पडतो. पृथ्वीचा आस कललेला आहे हे एक; आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ताऱ्यांमधून सूर्याची दिसणारी गती बारा महिने सारखी नसते, हे दुसरे. सूर्य एका वर्षात ३६० अंश फिरतो, म्हणून त्याची सरासरी दैनंदिन गती ५९ कला ८ विकला येते. प्रत्यक्षात जानेवारीच्या आरंभी ती ६१ कलांच्या जवळ असते आणि जुलैच्या आरंभी ५७ कलांच्या जवळ. सरासरी गतीवर विसंबून तक्ता केला तर तो चुकेल. त्या-त्या दिवसाची गती हवी.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा या विद्वानाने याच प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो मूळचा हर्रानचा, साबी पंथाचा. अब्बासी खलिफांच्या काळातील अरबी विज्ञानाचा एक मोठा स्तंभ. सूर्य पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो त्या बिंदूपाशी त्याची दिसणारी गती सर्वांत मंद, सर्वांत जवळच्या बिंदूपाशी सर्वांत शीघ्र, आणि यांच्या दरम्यान असे दोन बिंदू आहेत की तेथे ती नेमकी सरासरीइतकी असते, असे त्याने भूमितीने दाखवले. एका बिंदूपाशीची गती आणि सरासरी गती यांची अशी तुलना करणे म्हणजे आपल्या आजच्या विषयाच्या उंबरठ्यावर येणेच होय.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांनी ग्रहांची स्थूल गती आणि 'तात्कालिक' गती असे दोन प्रकार मानले. चंद्राचे उदाहरण त्यांनी यासाठीच घेतले. चंद्राची दिवसाची सरासरी गती १३ अंशांहून थोडी अधिक; पण ती कधी १२ अंशांच्या खाली जाते, तर कधी १५ अंशांच्या वर. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या गतीच्या बाबतीत, तिथी संपण्याची वेळ जवळ आली असेल तर स्थूल गती धरून भागत नाही, तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'तात्कालिक' हा शब्द असा आठशे वर्षांहून जुना आहे. याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे भाषांतर अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली फार्सीत केले. मुलांनो, विज्ञान परके आहे आणि आपल्या घराण्यात त्याची परंपरा नाही, असे कोणी म्हणू लागले तर बगदाद, पाटण आणि फत्तेपूर-आग्र्याचा हा धागा त्याच्यासमोर ठेवा.

आता आकाशातून रस्त्यावर येऊ. मोटारीतला वेगाचा काटा काय दाखवतो? त्या घटकेचा वेग. जुन्या गाड्यांत चाकाच्या फिरण्याबरोबर एक केबल फिरते आणि तिच्या टोकाशी असलेला चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत गरगरतो. त्यामुळे वाटीत विद्युतप्रवाह उत्पन्न होऊन वाटी ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला अडवून धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी अधिक वळते आणि तिला जोडलेला काटा पुढे सरकतो. नव्या गाड्यांत चाकाच्या फेऱ्यांचे विद्युत-ठोके अत्यंत अल्प काळात मोजले जातात. ती सरासरीच, पण इतक्या लहान तुकड्याची की व्यवहारात तिला तात्कालिक वेग म्हणण्यास हरकत नाही. पोलिसांच्या हातातील वेगमापक बंदूकही असेच काम करते.

काही महामार्गांवर आता दोन ठिकाणी कॅमेरे लावून मधल्या अंतराची सरासरी काढली जाते. यातली युक्ती मुलांनी समजून घ्यावी. मर्यादा ताशी ८० असताना एखाद्याची सरासरी ९० आली, तर तो वाटेत कोठेतरी, निदान एका क्षणी, ९० च्या वेगाने गेलाच असला पाहिजे. कारण सगळा वेळ त्याहून मंद राहून सरासरी ९० येणे शक्यच नाही. म्हणून सरासरीवरून दोष सिद्ध होतो. याच्या उलट मात्र खरे नाही. सरासरी ५० आली म्हणून तो कोठेच १०० ने गेला नाही, असे सिद्ध होत नाही. सरासरीवरून निर्दोषपणा सिद्ध होत नाही.

नेमका हाच उलटा युक्तिवाद आपली तरुण मुले घरी करतात. "अब्बा, दहा किलोमीटरला वीस मिनिटे लागली, म्हणजे ताशी तीसच झाले की!" आकडेमोड बरोबर आहे. पण त्या वीस मिनिटांत बाजारपेठेत पाच मिनिटे अडकणे होते, फाटकापाशी थांबणे होते, आणि मोकळ्या रस्त्यावर काटा ८० वर होता. अपघात सरासरीने होत नाही. तो एका क्षणी होतो आणि त्या क्षणी काट्यावर जो आकडा असतो तोच लागू होतो. माडाखाली उभ्या असलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. दोन सेकंदांत १९.६ मीटर पडणाऱ्या नारळाचा सरासरी वेग सेकंदाला ९.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५ किलोमीटर. परंतु जमिनीशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला १९.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर झालेला असतो. डोक्यावर बसतो तो ७० चा नारळ. ३५ चा हिशेब कागदावर राहतो.

आणखी एक हिशेब पालकांनी मुलांसमवेत बसून करावा. समोर कोणी आडवे आले हे दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकने वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद याप्रमाणे कमी होतो असे धरा. ताशी ६० वर असलेली गाडी त्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर. एकूण साधारण ३७ मीटरांवर थांबते. ताशी ८० वर असलेली गाडी पहिल्या सेकंदात २२ मीटर जाते आणि ब्रेकखाली आणखी ३५. एकूण ५७ मीटर लागतात. आता असे समजा की मूल बरोबर ३७ मीटरांवर उभे आहे. ६० ची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली. ८० ची गाडी त्याच जागी आली तेव्हा तिचा वेग किती असेल? पुष्कळ जण वीस म्हणतील, कारण ८० वजा ६० म्हणजे २०. करून पाहा; उत्तर ताशी सुमारे ६१ येते. पहिली गाडी जेथे निश्चल झाली, तेथे दुसरी गाडी एकसष्टच्या वेगाने मुलावर आदळते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे असे होते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ता-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या बाबतीत अतिवेग हे कारण नोंदले गेले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या भीतीने का होईना किल्ली खुंटीवर राहिली तर चांगलेच. पण मुलाला वरचा हिशेब स्वतः करता आला आणि पटला, तर किल्ली हाती आल्यावरही तो काट्याकडे पाहील.

शेवटी गुणपत्रकाविषयी थोडेसे. ही केवळ उपमा आहे, भौतिकशास्त्र नव्हे, हे आधीच सांगतो. एका विद्यार्थिनीस चार चाचण्यांत ४०, ५०, ६०, ७० गुण मिळाले. दुसऱ्या विद्यार्थ्यास ७०, ६०, ५०, ४०. दोघांची सरासरी ५५. वर्षअखेरीच्या कागदावर दोघे सारखेच. परंतु एकीची गाडी घाट चढून वर आली आहे आणि दुसऱ्याची उतरणीला लागली आहे. भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असते, ती येथेही पाहिली पाहिजे. पालकांना मी एवढेच सुचवीन की सही करण्यापूर्वी शेवटच्या चाचणीचा आकडा आणि तिच्या आधीच्या चाचणीचा आकडा शेजारी-शेजारी मांडा. पंचावन्न टक्क्यांत काय होणार, असे म्हणून जी मुलगी घरी बसवली जाते, ती पुष्कळदा चढावर असलेली मुलगी असते. आणि ज्या मुलाच्या पंचावन्नावर आपण समाधानी असतो, त्याला याच महिन्यात कोणीतरी जवळ बसवून विचारण्याची गरज असते की बाळा, अडचण काय आहे?

विद्यार्थ्यांना सांगणे असे. परीक्षेत व्याख्या विचारली तर लिहा: एकूण विस्थापन भागिले एकूण वेळ म्हणजे सरासरी वेग, आणि काळाचा तुकडा शून्याकडे नेत असता सरासरी वेग ज्या सीमेकडे जातो तो तात्कालिक वेग. त्याखाली नारळाचे आकडे स्वतः करून मांडा: १४.७, १२.२५, १०.२९, ९.८४९. हे चार भागाकार ज्याने स्वतःच्या हाताने केले, त्याला व्याख्या पाठ करावी लागणार नाही. घरी मोटारसायकल असेल तर तिच्या काट्याकडे पाहा आणि वडिलांना सांगा की हा काटा कोणता वेग दाखवतो आणि कोणता दाखवत नाही.

 आपल्या संस्थेतील प्रत्येक मूल शाळेत वेळेवर आणि घरी सुखरूप पोचो, हीच दुआ. खुदा हाफिज.